मसुराचा करपा आणि फवारणीची वेळ

ऑन्टारियोतल्या मिल्टनमध्ये मसूर पिकत नाही. किराणा दुकानांत तो पोत्यांनी मिळतो, मराठी घरांत इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्याची आठवण काढत अख्खा मसूर शिजतो. पण गावाबाहेर हॉल्टनच्या चिकट मातीत जी काही शेती बिल्डरांच्या हातून अजून वाचली आहे, तिच्यात मका, सोयाबीन आणि हिवाळी गहू. इथला उन्हाळा दमट, जमीन पाणी धरून ठेवणारी. मसुराला नेमकं उलटं लागतं: कोरडी हवा, हलकं रान, आणि फुलोऱ्यानंतर जरा पाण्याचा ताण. तसं रान पश्चिमेला सस्कॅचेवानमध्ये आहे. स्विफ्ट करंट, मूस जॉ, रोझटाउन या पट्ट्यात. कॅनडाच्या मसुरापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास एकट्या त्या प्रांतात होतो आणि मिल्टनच्या डब्यात येतो तोही बहुतेक तिथलाच.

तरी मिल्टनमध्ये बसून मसुराच्या रोगांवर लिहायचं कारण आहे. इथून अर्ध्या-पाऊण तासावर गेल्फचं विद्यापीठ आहे, आणि अकोला-राहुरी-दापोलीहून शेतकीची पदवी घेऊन आलेली मुलं-मुली तिथे किंवा सस्कॅचेवानमध्ये सास्काटूनला पुढे शिकतात. उन्हाळ्यात ‘क्रॉप स्काउट’ म्हणजे पीक-पाहणीचं काम मिळालं की शेकडो एकरांच्या एकेका शेतात त्यांना एकट्यानं उतरावं लागतं. ही कृती आधी त्यांच्यासाठी. शेवटी थोडं परसातल्या वाफ्याबद्दल आणि थोडं गावाकडच्या मसुराबद्दल.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. बुरशीनाशक पानावर पडलेला डाग पुसत नाही. जे पान अजून हिरवं आहे त्याला ते काही दिवस वाचवतं. त्यामुळे रस्त्यावरून शेत खराब दिसायला लागल्यावर केलेली फवारणी बहुतेक वेळा दुकानदाराच्याच उपयोगाची. निर्णय घ्यायचा तो शेत रस्त्यावरून झकास दिसत असताना.

शत्रू कोण ते आधी ओळखा

कॅनडातल्या मसुरावर मुख्य रोग दोन, आणि दोन्हींना आपल्याकडे कोणीही ‘करपा’च म्हणेल. पण त्यांची चाल वेगळी आहे आणि ती न कळता फवारणी केली तर पैसे मातीत.

पहिला अ‍ॅस्कोकायटा करपा. बुरशीचं नाव अ‍ॅस्कोकायटा लेंटिस. हा बियाण्यातून येतो, गेल्या वर्षीच्या धसकटातूनही येतो, आणि थंड, ओल्या हवेत वाढतो. पानावर, खोडावर, शेंगेवर फिकट तपकिरी चट्टा पडतो. चट्ट्याच्या मधोमध बारीक काळे ठिपके असतात, ते बुरशीचे बीजाणूकोश. पावसाचा थेंब त्यांच्यावर आपटला की बीजाणू उडून शेजारच्या झाडावर. शेंगेवर गेला की दाणा डागाळतो, आणि डागाळलेल्या दाण्याला बाजारात दर्जा मिळत नाही. हेच बियाणं पुढच्या वर्षी पेरलं की रोगाची पेरणी आपल्याच हातानं झाली.

दुसरा अँथ्रॅक्नोज, बुरशी कोलेटोट्रिकम लेंटिस. कॅनडात तो पहिल्यांदा नोंदला गेला 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, मॅनिटोबात, आणि मग सस्कॅचेवानभर पसरला. हा बियाण्यातून फारसा येत नाही. याचा ठिय्या मातीत. झाड मेल्यावर खोडावर सूक्ष्म काळ्या गाठी तयार होतात, त्या जमिनीत वर्षानुवर्षं तग धरतात. कापणीच्या वेळी कंबाइनमागे जो धुरळा उडतो त्याच्याबरोबर त्या वाऱ्यानं शेजारच्या रानात जातात. म्हणून आपल्या शेतात चार वर्षांत मसूर नव्हता एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. बांधापलीकडे गेल्या वर्षी काय होतं ते विचारा. अँथ्रॅक्नोजला ऊब लागते, 20 ते 24 अंशांच्या आसपास, आणि पानं दीर्घकाळ ओली. सुरुवात अगदी खालून होते, जमिनीलगतच्या पानांपासून.

बाकीचे थोडक्यात. पांढरी बुरशी (स्क्लेरोटिनिया) आणि राखाडी बुरशी (बॉट्रायटिस) दाट वाढलेल्या, आडव्या पडलेल्या पिकात उशिरा येतात. स्टेम्फिलियमचा करपाही उशिरा येतो, पानं झडून नुसत्या काड्या उरतात, पण त्यासाठी केलेल्या फवारणीचे पैसे क्वचितच वसूल होतात. आणि मूळकूज, अफॅनोमायसिस. सस्कॅचेवानमध्ये ती 2012 मध्ये खात्रीनं सापडली. शास्त्रीयदृष्ट्या ती खरी बुरशीसुद्धा नव्हे, पाण्यातल्या शेवाळाच्या जवळची मंडळी आहेत. पानावरच्या कुठल्याही फवारणीनं ती जात नाही. पीक पिवळं पडलंय, खुजं राहिलंय, उपटल्यावर मुळं मधाच्या रंगाची आणि गळलेली निघतात, तर फवारणीयंत्र घरी न्या.

फवारणीच्या कितीतरी आधीची कामं

ही कामं हिवाळ्यात होतात, बर्फ बाहेर असताना, टेबलावर.

शेताचा इतिहास लिहून काढा. मसूर एका रानात चार वर्षांतून एकदाच. त्या रानात अफॅनोमायसिस सापडलेली असेल तर सहा ते आठ वर्षं, आणि त्या काळात वाटाणाही नाही, कारण वाटाणा तिचाच यजमान. फेरपालटीत गहू, मोहरीवर्गातलं कॅनोला, जवस घ्या. कडधान्यच हवं असेल तर हरभरा किंवा फाबा बीन या मूळकुजीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. फाबा बीनवर मात्र अँथ्रॅक्नोज वस्ती करतो. एकाला टाळताना दुसऱ्याला घरात घेतलं असं होऊ नये.

बियाणं प्रयोगशाळेत पाठवा. उगवण किती हे विचाराच, शिवाय अ‍ॅस्कोकायटाची टक्केवारी मागा. डागाळलेलं बियाणं ‘चाळून घेऊ’ म्हणून वापरू नका. आत शिरलेली बुरशी चाळणीला दिसत नाही.

वाण निवडताना रोगप्रतिकाराची नोंद वाचा. सस्कॅचेवानचा मसूर म्हणजे मुळात सास्काटूनच्या विद्यापीठातल्या क्रॉप डेव्हलपमेंट सेंटरची कमाई. ते 1971 मध्ये सुरू झालं. तिथे आलेले पैदासकार अल स्लिंकार्ड यांनी 1978 मध्ये ‘लेअर्ड’ हा मोठ्या दाण्याचा आणि 1980 मध्ये ‘एस्टन’ हा बारीक दाण्याचा हिरवा वाण दिला, आणि गव्हाशिवाय काही न लावणारे शेतकरी डाळीकडे वळले. आजच्या वाणांच्या नावाआधी ‘सीडीसी’ असतं ते त्याच केंद्रावरून. अ‍ॅस्कोकायटाला बऱ्यापैकी प्रतिकार आता पुष्कळ वाणांत आहे. अँथ्रॅक्नोजचं दुखणं असं, की त्याच्या दोन जाती आहेत. ‘रेस 1’ला काही वाण दाद देत नाहीत, पण ‘रेस 0’ला रोखणारा गुण लागवडीच्या मसुरात जवळजवळ नाहीच, तो लेन्स इर्व्हॉइडिस या रानटी भाऊबंदात सापडतो. म्हणून प्रतिकारक वाण पेरला, आता शेतात फिरायला नको, असं मानू नका.

बीजप्रक्रिया करताना क्रम पाळा. आधी बुरशीनाशक, ते सुकू द्या, आणि रायझोबियम पेरणीच्या तोंडावर. आपल्याकडे कृषी सहायक शेतकऱ्यांना हेच सांगतात, इथेही तेच. बुरशीनाशकाच्या ओलीत जिवाणू कालवले की मरतात, आणि मग मुळांवर गाठी दिसत नाहीत म्हणून लोक बियाण्याला दोष देतात.

पेरणी एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. चौरस मीटरमध्ये साधारण 130 झाडं हा सर्वसाधारण अंदाज. तण दाबायला दाट पेरायचा मोह होतो, पण दाट पीक लवकर झाकतं आणि आतली हवा ओली राहते. पेरणीनंतर रोलर फिरवून रान सपाट करतात, कारण शेंगा जमिनीपासून वीतभरच उंचीवर लागतात आणि कंबाइनच्या पात्यात दगड जाऊ नयेत. रोलर उगवणीआधी फिरवणं उत्तम. उगवल्यावर फिरवायचाच असेल तर कोरड्या दुपारी फिरवा. दवानं ओल्या रोपांवर रोलर नेला तर एका झाडाचा रोग तो सगळ्या शेताला वाटत जातो.

शेतात उतरणं

खरी कृती इथून. जूनच्या मध्यापासून, झाडाला आठ-दहा पेरी झाली की आठवड्यातून एकदा, आणि पाऊस झाला तर दोन दिवसांनी पुन्हा. पेरी मोजायची म्हणजे खोडाला फुटलेली पानं खालून वर मोजायची. साधारण दहाव्या ते तेराव्या पेऱ्याला पहिलं फूल येतं, म्हणजे तुमच्याकडे फार वेळ नसतो.

सोबत भिंग (दहापट मोठं दाखवणारं पुरे), कागदी पिशव्या, पेन्सिल घ्या, आणि गुडघ्याला काहीतरी बांधा. गुडघे टेकल्याशिवाय हे काम होत नाही. बुटांवर प्लॅस्टिकचे डिस्पोजेबल पायमोजे घाला आणि शेत बदललं की ते बदला. अफॅनोमायसिस बुटाच्या चिखलातून एका शेतातून दुसऱ्यात जाते, आणि दुसऱ्याच्या शेतात रोग नेणारा स्काउट त्या गावात पुन्हा कामाला लागत नाही.

बांध सोडून पन्नास-साठ पावलं आत जा, मगच पहिलं ठिकाण. मग नागमोडी चालत दहा ठिकाणं घ्या. त्यातली दोन मुद्दाम खोलगट, जिथे पाणी साचतं तिथली, आणि एक गेल्या वर्षीच्या मसुराच्या रानाला लागून असलेल्या बाजूची. उभ्यानं बघून पुढे जाऊ नका. खाली बसा, दोन्ही हातांनी झाडं बाजूला सारा, भांग पाडल्यासारखी, आणि जमिनीलगत बघा.

काय दिसतं? वरची पानं हिरवीगार, निळसर झाक असलेली. मध्ये बोटभर अंतरावर सावली, तिथे सकाळी दहालाही दव असतं, हाताला लागतं. त्याखाली दोन-चार पानं पिवळट पडलेली. आता नीट बघा. खालची पानं म्हातारपणानं पिवळी पडतात ती एकसारखी पिवळी होतात. अँथ्रॅक्नोजच्या पानावर राखट-मळकट गोल चट्टा असतो, कडेला बारीक तपकिरी रेघ. पान हात लावताच गळतं. ते पान बोटावर घ्या आणि भिंगाखाली धरा. मग त्याच झाडाचं खोड, मातीच्या वर दोन बोटं, तिथे फिकट तपकिरी, जरा खोलगट डाग दिसतो का? तो डाग खोडाभोवती फिरला की वरचं झाड वाळतं. शेतात जागोजागी वाळलेली बेटं दिसतात ती अशीच. मिऱ्याची पूड सांडल्यासारख्या काळ्या गाठी दिसल्या तर रोग पुढे गेलाय असं समजा.

अ‍ॅस्कोकायटाचा चट्टा याहून फिकट, आणि तो वरच्या कोवळ्या पानांवरही असतो. मधले काळे ठिपके भिंगातून स्पष्ट दिसतात. शंका असेल तर झाड मुळासकट उपटा, माती झटका, कोरड्या कागदात गुंडाळा आणि रेजायनाच्या प्रांतीय पीक संरक्षण प्रयोगशाळेत पाठवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं झाड घालून पाठवलं तर पोचेपर्यंत त्यावर दहा प्रकारच्या बुरश्या चढतात आणि अहवालाला अर्थ राहत नाही.

तणनाशकाचा फटका, थंडीचा चटका, पाण्याचा ताण यांनीही पानं करपतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे आकृती. फवारणीयंत्राच्या पट्ट्यांत सरळ रेषेत नुकसान असेल तर ते तणनाशक. रोग सरळ रेषेत चालत नाही.

फवारायचं की नाही

सस्कॅचेवानमध्ये शेतकऱ्यांच्या हाती निर्णयासाठी एक तक्ता असतो. त्यात विचारलेले प्रश्न साधे आहेत: पीक किती दाट, गेल्या चौदा दिवसांत किती दिवस पाऊस पडला, पुढच्या पाच दिवसांचा अंदाज काय, आणि खाली लक्षणं दिसतात का. हे चारही प्रश्न वहीत लिहून प्रत्येक भेटीत उत्तरं भरा. पाऊस किती मिलिमीटर पडला त्यापेक्षा पानं किती दिवस ओली राहिली हे महत्त्वाचं. एका दिवसात धो धो पडून उघडीप मिळाली तर ते बरं. रोज थोडं थोडं भुरभुरत राहिलं तर धोका.

माझा ठोकताळा असा. पीक विरळ, हवा कोरडी, खाली एकही चट्टा नाही: फवारू नका, तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा. पीक दाट, पंधरवडाभर भुरभुर, खालच्या पानांवर चट्टे पण खोडं अजून स्वच्छ: आज-उद्यात फवारा. खोडावर डाग चढलेत, दाणे भरत आलेत, पीक पूर्ण झाकलंय: वेळ गेली, वही बंद करा आणि पुढच्या वर्षीचा फेरपालट आखा. 2016 सारख्या ओल्या वर्षी हा तिसरा प्रकार सस्कॅचेवानात पुष्कळांनी पाहिला. मसुराचं क्षेत्र त्या वर्षी विक्रमी होतं, जिथे लावू नये तिथेही लोकांनी लावलं होतं, आणि वरून पाऊस थांबेना.

इथे एक आडवळणाची गोष्ट. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रवाला ‘साहेब, एक फवारा मारूनच टाका’ म्हणतो. कॅनडात त्याच्या अंगावर कंपनीचा शर्ट असतो आणि हातात टॅबलेट, बाकी वाक्य तेच. त्याचं चुकतंच असं नाही, पण औषध विकणारा आणि निदान करणारा एकच असेल तर भिंगातून आपणही एकदा बघावं.

औषध कोणतं

कॅनडात लेबलावर मसुराचं नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर ते औषध मसुरावर मारणं बेकायदा आहे. सस्कॅचेवान सरकारची पीक संरक्षण मार्गदर्शिका दरवर्षी निघते, चालू वर्षाचीच प्रत घ्या. लेबलावर गटाचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचायला शिका. पायराक्लोस्ट्रोबिन, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन ही गट 11 ची, प्रोथायोकोनाझोल गट 3 चं, बोस्कॅलिड आणि फ्लक्सापायरोक्सॅड गट 7 ची. एकाच गटाचं औषध सलग मारत राहिलं की बुरशी त्याला सरावते. सस्कॅचेवानच्या हरभऱ्यावरच्या अ‍ॅस्कोकायटानं गट 11 ला कधीच जुमानणं सोडलंय. म्हणून दोन फवारण्या कराव्या लागल्या तर गट बदला, किंवा दोन गट एकत्र असलेलं औषध घ्या.

आणखी एक. हा माल बहुतांश भारत, तुर्कस्तान, बांगलादेश, आखाताकडे जातो, आणि प्रत्येक देशाची अवशेषांची मर्यादा वेगळी. फवारणी ते काढणी किती दिवसांचं अंतर हवं ते लेबलावर असतं, ते दिवस कॅलेंडरवर मोजा. नवं औषध वापरण्याआधी माल घेणाऱ्याला विचारा. तो नको म्हणाला तर तुमची फवारणी यशस्वी होऊनही माल पडून राहील.

यंत्र जुळवणं आणि फवारणी

मसुराचा रोग खाली असतो आणि औषध वरून पडतं, म्हणून सगळी लढाई पाण्याची. एकर भराभर उरकण्यासाठी लोक पाणी कमी करतात, हीच इथली चूक. हेक्टरी 100 लिटर हे किमान समजा, दाट पिकात 150 ते 200.

हिशोब करून बघा. नोझलांमधलं अंतर 50 सेंटिमीटर, वेग ताशी 16 किलोमीटर. म्हणजे एक नोझल तासाला 8,000 चौरस मीटर, म्हणजे 0.8 हेक्टर फवारतं. हेक्टरी 150 लिटर हवं तर त्या नोझलमधून तासाला 120 लिटर, मिनिटाला 2 लिटर यायला हवं. आता यंत्रात साधं पाणी भरा, मोजपात्र हातात घ्या आणि प्रत्येक नोझलखाली एक मिनिट धरा. जे नोझल बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून वेगळं देतं ते बदला. दाब वाढवून वेग भरून काढायचा प्रयत्न करू नका, थेंब बारीक होतात आणि वाऱ्यावर जातात. मध्यम थेंब हवेत.

टाकीत निम्मं पाणी, मग ढवळणी सुरू, मग औषध, मग उरलेलं पाणी. मोजताना आणि ओतताना रसायनरोधक हातमोजे, चष्मा, लांब बाह्या. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी टाकीतच ओता. डबे परत घेण्याची क्लीनफार्म्स या संस्थेची व्यवस्था देशभर आहे, शेताच्या कोपऱ्यात ते जाळू नका. ऑन्टारियोत शेतीसाठीची ही औषधं विकत घ्यायला शेतकऱ्याला गेल्फ विद्यापीठाच्या रिजटाउन कॅम्पसच्या कार्यक्रमातून सुरक्षिततेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पश्चिमेत नियम वेगळे, पण ते शिक्षण घेतलेलं असणं केव्हाही चांगलं.

वेळ म्हणजे फुलोऱ्याची सुरुवात, ओळी एकमेकींना भिडायच्या आत. दव सुकल्यावर, वारा हलका असताना. संध्याकाळी वारा पूर्ण पडलेला असतो तेव्हा फवारायचा मोह आवरा. थंड हवा खाली बसते, त्या थरात बारीक थेंब तरंगत राहतात आणि दूरच्या रानात जाऊन उतरतात. पाऊस किती तासांत यायला नको ते लेबलावर बघा.

फवारताना एक पट्टा मुद्दाम कोरडा सोडा, यंत्राच्या रुंदीचा, दोन्ही टोकांना झेंडा लावून. शेतकरी याला नाखूष असतो, आणि काढणीच्या वेळी सगळ्यात आधी तोच तो पट्टा बघायला येतो. दहा-चौदा दिवसांनी परत जा, पट्ट्यातलं आणि बाहेरचं खोड शेजारी ठेवून बघा. पाऊस चालूच असेल आणि नव्या पानांवर चट्टे चढत असतील तर दुसरी फवारणी, वेगळ्या गटाची. हवा कोरडी झाली असेल तर एकीवरच थांबा.

मिल्टनच्या परसात

हौशी मंडळी डब्यातलाच अख्खा मसूर पेरतात. उगवतो. डाळ उगवत नाही, हे सांगायची वेळ मात्र येते. रोपाला हलकं हिम सोसतं, वरचा शेंडा गेला तरी मातीखालच्या पेऱ्यातून नवा फुटवा येतो, त्यामुळे मेची पूर्ण ऊब येईपर्यंत थांबू नका. उशीर केला तर फुलोरा जुलैच्या दमट आठवड्यांत सापडतो आणि मग करपा ठरलेला.

इथे बुरशीनाशकाचा प्रश्न कायद्यानंच मिटवलाय. ऑन्टारियोत 22 एप्रिल 2009 पासून घरच्या बागेत, भाजीच्या वाफ्यातसुद्धा, बहुतेक रासायनिक औषधं वापरता येत नाहीत. कमी धोक्याची म्हणून ठरवलेली मोजकीच चालतात. शेतकऱ्याला सूट आहे, परसाला नाही. तेव्हा हवेवर काम करा. चिकट मातीवर वीतभर उंच गादीवाफा, ओळींत फूटभर अंतर, पाणी सकाळी आणि बुडाशी, फवाऱ्यानं नाही. झाडं ओली असताना वाफ्यात हात घालू नका. ज्या वाफ्यात गेल्या वर्षी घेवडा, लेट्यूस किंवा गाजराला पांढरी बुरशी आली होती तिथे मसूर लावू नका, कारण ती बुरशी एकच. आजारी झाड दिसलं की कोरड्या दुपारी उपटून पालापाचोळ्याच्या कागदी पिशवीत भरा, कंपोस्टच्या ढिगात नको. चार चौरस फुटांच्या वाफ्यातून वाटीभर मसूर निघाला तर चांगलं पीक आलं म्हणायचं.

गावाकडे

महाराष्ट्रात मसूर थोडा, मुख्यत्वे विदर्भात, पूर्वेकडे धानानंतरच्या ओलीवर लाखोरी-जवसाच्या सोबतीनं. तिथले शत्रू वेगळे. मर रोग मातीतल्या फ्युजॅरियमचा, हरभऱ्यावाल्यांना ओळखीचा. झाड उभ्यानं माना टाकतं, खोड उभं चिरलं तर आत कधी कधी तपकिरी रेघ दिसते. यावर वरून कितीही फवारा, उपयोग शून्य. बियाण्याला किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम, आणि त्या रानात तीन-चार वर्षं मसूर-हरभरा नाही, हाच उपाय.

तांबेरा मात्र पानावरचा. जानेवारी-फेब्रुवारीत ढगाळ, दमट हवा राहिली की पानाच्या खालच्या बाजूला तांबूस पुटकुळ्या येतात, बोट फिरवलं की गंजासारखी पूड लागते. पहिल्या पुटकुळ्या दिसताच मँकोझेब 75 टक्के, लिटरला 2.5 ग्रॅम, पंप हातात घेऊन पानाच्या खालच्या बाजूला पोचेल असा. एकरी 200 लिटर पाणी लागतं, दहा पंपांत उरकू नका. लेबल आणि विद्यापीठाची चालू शिफारस बघूनच प्रमाण ठरवा. शेंगा पिवळ्या पडायला लागल्या असतील तर तो खर्च वाचवा आणि काढणीच्या मजुरांचं बघा.